शब्द शेतकऱ्यांनी पाळला

कोलंबियात सरकार आणि फार्क ही बंडखोर संघटना यांच्यातल्या शांतता कराराच्या अपयशाचे खापर कोका, म्हणजे कोकेनचे पीक, घेणाऱ्या शेतकऱ्यांवर फोडले जाते. आक्षेप असा: करार झाला त्या 2016 साली देशात 1 लाख 46 हजार हेक्टरवर कोका होता, 2022 मध्ये तो 2 लाख 30 हजारांवर गेला. तेव्हा गावकऱ्यांशी बोलणी पुरे, आधी पीक उपटा, शांततेचे नंतर पाहू.

आकडे खरे आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. स्वेच्छेने पीक बदलण्याच्या योजनेत सुमारे 99 हजार कुटुंबांनी नावे घातली. संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत त्यांतल्या बहुतेकांनी शब्द पाळल्याचे दिसले. कोका पुन्हा लावणारे शेकडा एकही भरले नाहीत. सरकारने सुरुवातीला महिन्याचे पैसे दिले, पण ज्याच्या भरवशावर रोपे उपटली ते नव्या धंद्याचे भांडवल असंख्य घरांत वर्षानुवर्षे पोचले नाही. कोका वाढला तो बराचसा फार्कने सोडलेल्या मुलखात. तिथे सरकारच्या आधी दुसऱ्या टोळ्या आल्या. मदतीच्या आशेने काहींनी नवी लागवड केली, हेही खरे. पण उपटणाऱ्यांना त्याची शिक्षा का?

बळाने उपटणे नवे नाही. 2015 पर्यंत विमानांतून ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले, कोका जंगलात आणखी आत सरकला. ऑक्टोबर 2017 मध्ये तुमाको भागात सक्तीच्या उपटणीला विरोध करणाऱ्या जमावावर गोळीबार होऊन सात जण मेले. शेतकरी कोका का लावतो? तो वर्षात चार-सहा वेळा तोडता येतो, त्याचा लगदा पाठपिशवीत मावतो, गिऱ्हाईक दारात येते. केळी मात्र होडीने बाजारात नेईपर्यंत भाडेही सुटत नाही. जमिनीचा कागद नाही, म्हणून कर्जही नाही. हे फवारणीने कसे बदलणार?

गावपातळीवरची बोलणी भाबडी म्हणणाऱ्यांनी कोलंबियातलाच कारारे नदीकाठ पाहावा. 1987 मध्ये तिथल्या ला इंदिया गावच्या शेतकऱ्यांनी संघटना बांधून गाव सोडायचे नाही, बंदूक घ्यायची नाही, कोणाची बाजू धरायची नाही असे ठरवले आणि गनिमांपासून लष्करापर्यंत प्रत्येकाशी ते स्वतः बोलायला गेले. फेब्रुवारी 1990 मध्ये त्यांचे पुढारी मारले गेले. संघटना तरीही टिकली आणि त्याच वर्षी तिला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

अशा संघटना आणि गावोगावच्या समित्याच कोण खरा शेतकरी, कोणाचा बांध कुठे, हे जाणतात. त्यांच्या हाती पैसा द्या, जमिनीचे कागद आधी करा आणि पीक बदलायला सांगत फिरणाऱ्या त्यांच्या पुढाऱ्यांना संरक्षण द्या. यांतले एकही काम रोपे उपटून होईपर्यंत थांबवण्याचे कारण नाही.