पाटी आपली, नाव कोणाचे?



या सदरात आपण बहुधा बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. आज विषय निराळा घेतला आहे. त्याला कारण घडले ते उरण तालुक्यात, द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात. तेथील बायकांचा बचत गट तांदळाचे पापड, भाकरीचे पीठ आणि कडवे वाल विकतो. आंब्याच्या दिवसांत आसपासच्या चार-सहा वाड्यांचा हापूसही त्यांच्याच हातून जातो. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला, त्याच महिन्यात उरणपर्यंत लोकल आली, आणि मुंबईचे गिऱ्हाईक एकदम जवळ आल्यासारखे वाटू लागले. मग या बायकांनी उमेदीने वेबसाइट काढली. खोक्यांवर तिचा पत्ता छापून घेतला. पहिल्या मोसमात मागण्याही बऱ्या आल्या.

पुढच्या वर्षी ऐन एप्रिलात पाडाचा आंबा तयार झाला आणि वेबसाइट बंद पडली. चौकशीअंती कळले की वेबसाइटच्या नावाची वर्षाची मुदत संपली होती. मुदत वाढवा असे सांगणारे निरोप ज्या मुलाने हे काम करून दिले त्याच्या ई-मेलवर गेले होते, कारण नाव त्याच्याच नावावर नोंदले होते. तो नोकरीनिमित्त परगावी गेलेला, फोन नंबर बदललेला. त्याचा लागेपर्यंत नाव मोकळे झाले आणि कोणा तिऱ्हाईताने उचलले. आज तो पत्ता टाकला की भलत्याच जाहिराती दिसतात. छापलेली खोकी मात्र पडवीत आढ्यापर्यंत रचलेली आहेत.

येथे मला माझीही चूक कबूल केली पाहिजे. पहिल्या बैठकीला मी हजर होतो. "सगळे माझ्यावर सोपवा," असे तो मुलगा म्हणाला तेव्हा मीही मान डोलावली. मुलगा वाईट नव्हता. आम्ही कोणी विचारलेच नाही की कागदावर नाव कोणाचे लागणार. ज्या उरण-पनवेलच्या माणसांनी जमिनीच्या कागदासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळ्या झेलल्या, पाच हुतात्मे दिले, त्यांच्या गावात बसून आम्ही हे विचारले नाही, याची मला जास्त लाज वाटते.

आता हे नाव म्हणजे नेमके काय, ते पाहू. प्रत्येक वेबसाइट कोठल्या तरी यंत्रावर ठेवलेली असते आणि त्या यंत्राला लांबलचक आकड्यांचा पत्ता असतो. असे आकडे माणसाच्या ध्यानात राहत नाहीत. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस नावाच्या अमेरिकन संशोधकाने आकड्यांच्या जागी नावे वापरण्याची आजची पद्धत बसवली. आपण नाव टाकायचे आणि आकडा यंत्राने शोधायचा. या नावाला डोमेन नेम म्हणतात. वेबसाइट हे घर धरले तर डोमेन हा घराचा पत्ता. घर बांधणारा गवंडी वेगळा आणि पत्त्याची नोंद ठेवणारे दप्तर वेगळे. बिल मात्र बहुधा एकाच माणसाकडून येते आणि तेथेच आपली फसगत होते.

दुसरी गोष्ट अशी की हे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते वर्षाच्या बोलीने मिळते, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. साध्या नावाला वर्षाला काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत खर्च येतो. पहिल्या वर्षीचा दर पुष्कळदा फार स्वस्त दाखवतात आणि दुसऱ्या वर्षी तो चढतो. तेव्हा विचारताना नूतनीकरणाचा दर आधी विचारावा. मुदत टळली तर थोडे दिवस सवलत असते, मग दंडासह सोडवावे लागते, आणि त्यानंतर नाव ज्याला हवे त्याचे. आमच्या गटाला ही सवलत मिळालीच असणार, पण निरोप दुसऱ्याच्या दारी जात होता.

म्हणून नोंदणी करताना मालकाच्या जागी गटाचे किंवा तुमचे स्वतःचे नाव हवे. ई-मेल आणि मोबाइल तुमचाच हवा आणि खात्याचा पासवर्ड तुमच्या वहीत हवा. तलाठ्याकडून सातबारा काढून आपण पाहतो ना की वारस लागले की नाही? तसा या नावाचाही उतारा पाहता येतो. त्याला 'हू-इज' म्हणतात. पुष्कळदा त्यात मालकाचे नाव झाकलेले असते, पण नोंदणी कोणाकडे केली आणि मुदत केव्हा संपते हे कळते. मुदतीची तारीख घरच्या कॅलेंडरवर, पोळ्याच्या नि दिवाळीच्या तारखांसारखी, लाल शाईने लिहून ठेवावी. दुसऱ्या बाजूने खोटी बिलेही येतात. "तुमच्या नावाची मुदत संपत आली, लगेच पैसे भरा," असा ई-मेल भलत्याच कंपनीकडून येतो. आपण नोंदणी केली त्याच ठिकाणी स्वतः जाऊन भरणा करावा, ई-मेलमधल्या दुव्यावर बोट ठेवू नये.

आता गटापुढे प्रश्न आला तो नव्या नावाचा. गेल्या महिन्यात पुन्हा पडवीत बैठक झाली. मी मनाशी ठरवून गेलो होतो की 'द्रोणागिरी' हे नाव घेऊ नका असे सांगायचे. कारणेही तयार होती. हे नाव रोमन अक्षरांत लिहायचे कसे, हे पहिले. 'णा'ला एक ए की दोन? शेवटच्या 'री'ला आय की दोन ई? मी बैठकीतूनच चौघा ओळखीच्यांना फोन लावला आणि नाव नुसते ऐकून लिहायला सांगितले. चौघांनी चार तऱ्हांनी लिहिले. माझ्या पुण्याच्या भाचीने तर विचारले, "मामा, हे फवारणीच्या ड्रोनचे दुकान आहे का?" सगळ्याजणी हसल्या, पण तिचेही चुकले नव्हते. रोमन अक्षरांत ते नाव ड्रोनपासूनच सुरू होते.

दुसरे कारण म्हणजे द्रोणागिरी एकच नाही. लक्ष्मणासाठी मारुतीने उचललेल्या पर्वताचा तुकडा येथे पडला असे आपल्याकडे सांगतात. तिकडे उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात त्याच नावाचे गाव आहे, आणि आपला पर्वत नेला म्हणून तेथले लोक मारुतीची पूजाच करत नाहीत. हिंदी माणूस हे नाव 'द्रोणगिरि' असे लिहितो, म्हणजे देवनागरीतही घोटाळा आहेच. रायगडाचे तसेच. छत्तीसगडात रायगढ आहे आणि रोमन लिपीत दोन्हींत थोडाच फरक राहतो. शिवाय जागांची नावे बदलतात. आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. उरणच्या लोकलची स्थानके झाली तेव्हाही बोकडवीरा, नवघर, धुतूम अशी आपापल्या गावांची नावे मिळावीत म्हणून ग्रामस्थांनी मागणी लावून धरली होती.

माझे हे सारे बोलणे गटातल्या सर्वांत वयस्कर आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, "सायेब, आमचे डोंगराचा नाव आमी कनाला सोराचा?"

मला उत्तर सुचले नाही. शेती गेली, खाजणे भरली गेली, आजूबाजूला इमारती उठल्या. डोंगर तेवढा जागेवर आहे, आणि त्याच्या नावाने माल विकावा असे कोणाला वाटले तर त्याला स्पेलिंगची अडचण सांगणारा मी कोण? मात्र अडचण होतीच, तेव्हा तिच्यातून वाट काढली. डोंगराचे नाव सर्वांत साध्या स्पेलिंगने घ्यायचे, ए एकच आणि शेवटी आय. त्यापुढे गटाच्या नावातला एक छोटा शब्द जोडायचा, म्हणजे नाव दुसऱ्या कोणाचे वाटणार नाही. मध्ये आडवी रेघ नको, आकडा नको. "दोन हा शब्द की दोन हा आकडा?" असे फोनवर किती वेळा सांगत बसणार? नियमाने त्रेसष्ट अक्षरांपर्यंत नाव चालते, पण चालते म्हणून कोणी घेऊ नये. मागच्या वेळचे नाव मीच सुचवले होते. त्यात गाव, तालुका, महिला, बचत, गट आणि उत्पादने असे सगळे होते. सरकारी फलकासाठी ते चांगले होते.

'पापड' हा शब्द नावात घालावा असे दोघींचे मत होते. मी म्हटले, आंबा विकाल तेव्हा काय कराल? तो विचार तेथेच संपला.

हापूसवरून मात्र जरा वाद झाला. नावात 'देवगड' घातले तर मुंबईचे गिऱ्हाईक डोळे झाकून घेते, असे एका वाडीवाल्याचे म्हणणे. हे करू नये. 'हापूस' या नावाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे आहेत. आपण रायगडचे, तेव्हा आपला आंबा हापूसच आहे. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी आणि उजळ माथ्याने विकावा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही २०२२ मध्ये असे मानांकन मिळाले आहे. उरणात पिकलेला कांदा अलिबागच्या नावाने वेबसाइटवर चढवाल तर अलिबागचा शेतकरी उद्या दारात उभा राहील, आणि ते योग्यच होईल.

प्रसिद्ध नावाच्या जवळपास जाणारे नावही नको. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ' कंपनीने 'रॅडिफ' नावाविरुद्ध दाद मागितली. रोमन लिपीत दोन नावांत अवघ्या एका अक्षराचा फरक होता. न्यायालयाने त्या नावाच्या वापराला मनाई केली. पुढे २००४ साली 'सिफी' नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डोमेन नेमलाही व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळू शकते. म्हणजे तुम्ही भारी वकील देऊ शकत नसाल तर आधीच शोध घ्यावा. व्यापारचिन्हांची यादी सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येते.

शेपटी कोणती घ्यावी, हा प्रश्न मला पत्रांतूनही येतो. नावानंतर टिंब देऊन जे येते ती शेपटी. 'डॉट कॉम' सगळ्यांच्या तोंडी बसलेली आहे. 'डॉट इन' ही आपल्या देशाची. २००५ पासून ती सर्वांना सहज मिळते. आपले गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचे असेल तर ती पुरेशी आहे, आणि परवडत असेल तर दोन्ही घ्याव्यात, म्हणजे दुसरी कोणी बळकावणार नाही. २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' ही शेपटीही मिळू लागली. मराठीतले नाव पाहून मन भरून येते हे खरे. मात्र काही ठिकाणी त्यावरचा ई-मेल अजून स्वीकारत नाहीत, आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकले की पत्ताही चुकतो. हौसेने जोडीला घ्यावी, तिच्यावरच सारा धंदा ठेवू नये असे माझे मत आहे.

ज्यांना वेबसाइट काढायची नाही त्यांनीही शेपटी वाचायला शिकावे. घरात शिकलेली सून किंवा मुलगी असेल तर तिला हे वाचून दाखवायला सांगा. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याची अखेर 'डॉट जीओव्ही डॉट इन' अशी असते आणि ही शेपटी खाजगी माणसाला मिळत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांनाही ३१ ऑक्टोबरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेपटीवर जाण्यास सांगितले. पत्त्यात पहिली एकेरी तिरपी रेघ येते तेथपर्यंतच पाहावे आणि तेथून उलटे, उजवीकडून डावीकडे वाचावे. पुढे 'पीएम किसान' लिहिले आहे आणि अखेरीस भलतेच काही आहे, असा निरोप आला तर आधार क्रमांक टाकू नये, तो निरोप पुसून टाकावा.

बचत गटाचे नवे नाव या लेखात छापावे असे बायकांना वाटत होते. मीच नको म्हटले. नाव शिल्लक आहे हे पाहिले त्याच बैठकीत नोंदवायचे होते, पण गटाच्या खात्यावर सह्या करणाऱ्या दोघींपैकी एक लग्नाला गेली होती. ती परवा येईल. या वेळी खाते गटाच्या ई-मेलवर उघडायचे, पैसे पाच वर्षांचे एकदम भरायचे आणि पासवर्ड ठरावाच्या वहीत लिहून ती वही कपाटात ठेवायची, असे ठरले आहे. जुन्या खोक्यांवर चिकटवायला कागदी पट्ट्या छापून घेणार आहेत. पट्टी छापखान्यात जाण्यापूर्वी त्यावरचा पत्ता आजींना फोनवरून कोणाला तरी सांगायला लावायचा आणि पलीकडच्याने बरोबर लिहिला तरच छापायचा, ही अट मात्र आजींनीच घातली.