शेजारच्या घरातलं कधी कळवायचं आणि कधी नाही?

तपासणी संपलेली असते, औषधांची चिठ्ठी हातात असते आणि दाराशी गेलेला पेशंट परत वळून विचारतो, "डॉक्टर, एक विचारू का? माझं नाही, शेजारचं आहे." पुढचं प्रत्येक वेळी वेगळं असतं. एकट्या राहणाऱ्या आजींच्या दाराला दुधाची पिशवी कालपासून तशीच लटकते आहे. भिंतीपलीकडून रात्री आदळआपट आणि रडण्याचा आवाज येतो. समोरचा तरुण मुलगा महिनाभर घराबाहेर दिसलेला नाही. शेवटचा प्रश्न मात्र ठरलेला : "आपण मध्ये पडावं का? आणि तसं काही नसलंच तर?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. कळवायला खात्री लागत नाही, रास्त काळजी पुरते. खात्री करून घेणं हे पोलिसांचं, डॉक्टरांचं, संरक्षण अधिकाऱ्यांचं काम आहे. मात्र ती काळजी कुणाच्या तरी जिवाची हवी. शेजारी आपल्या मनासारखे वागत नाहीत, ही काळजी नव्हे.

आपण गप्प का बसतो?

"नसत्या भानगडी कशाला?", "घरोघरी मातीच्या चुली", "उद्या तोंड कसं दाखवायचं?" ही कारणं आपण सगळेच देतो. पण आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. फॉर्म भरायला बसवलेल्या विद्यार्थ्यांच्या खोलीत हळूहळू धूर सोडला. खोलीत एकटा असलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर येऊन धुराबद्दल सांगितलं. पण सोबत दोन माणसं अशी बसवली, की जी धुराकडे बघून पुन्हा निवांत फॉर्म भरू लागतील, तेव्हा सांगणाऱ्यांचं प्रमाण १० टक्क्यांवर आलं.

आपल्या इमारतीत हेच घडतं. चार घरांना आवाज ऐकू येतो. इतर तिघं गप्प आहेत म्हणजे विशेष काही नसेल, असं चौघांनाही वाटतं. म्हणून पहिला नियम : "बाकीच्यांनाही ऐकू गेलं असेलच" हा विचार मनात आला, की फोन कुणीच केलेला नाही असं धरून चाला.

लगेच फोन करायचा, विचार नंतर

काही प्रसंगी मिनिटांचा हिशेब असतो. तिथे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारत बसू नये. पोलीस, अग्निशमन किंवा कुठलीही तातडीची मदत हवी असेल तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

• एकट्या राहणाऱ्या व्यक्तीचं दार वाजवूनही उघडत नाही, आत फोन वाजतो पण उचलला जात नाही, पेपर-दूध बाहेरच पडून आहे.
• मारहाण चालू आहे, "वाचवा" असा आवाज येतो, गळा दाबल्याचं किंवा पेटवण्याची धमकी दिल्याचं ऐकू येतं.
• लहान मूल घरात एकटं कोंडलेलं आहे किंवा त्याला मारलं जातं आहे.
• कुणी जीव देण्याची भाषा करतं आहे, किंवा विषारी औषध, जास्तीच्या गोळ्या जवळ घेऊन बसलं आहे.

पहिल्या मुद्द्याबद्दल थोडं सविस्तर. वयस्कर व्यक्ती पडली आणि उठता आलं नाही, तर खुब्याच्या फ्रॅक्चरइतकंच नुकसान नुसतं पडून राहण्याने होऊ शकतं. शरीराचा भार एकाच बाजूवर तासन् तास राहिला, की तिथले स्नायू खराब होतात, त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. त्यात पाणी पोटात नाही. दुपारी सापडलेली आजी आणि दुसऱ्या दिवशी सापडलेली आजी, या वैद्यकीयदृष्ट्या दोन वेगळ्या पेशंट असतात.

पक्षाघाताचंही तसंच. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. हे तास मोजायचे ते पेशंट शेवटचा ठीक कधी दिसला तेव्हापासून. एकट्या माणसाच्या बाबतीत हे सांगू शकणारा बहुधा शेजारीच असतो. "सकाळी नऊला गॅलरीत झाडांना पाणी घालताना बघितलं होतं," या तुमच्या एका वाक्यावर उपचार ठरू शकतात.

गळा दाबण्याबद्दलही बोलायला हवं. बाहेरून वळ दिसत नाहीत, म्हणून बाई "काही नाही झालं" म्हणते. पण आतली सूज किंवा मानेतल्या रक्तवाहिनीची इजा काही तासांनी, कधी काही दिवसांनीही त्रास देते. शिवाय ज्या घरात गळा दाबण्यापर्यंत गोष्ट गेली, तिथे पुढे जिवाला धोका बराच वाढलेला असतो. हे "नवरा-बायकोचं भांडण" नव्हे.

जे दिसतं ते तसंच असतं असं नाही

आता दुसरी बाजू. काही आजारांची लक्षणं बाहेरून गुन्ह्यासारखी किंवा बेशिस्तीसारखी दिसतात.

स्मृतिभ्रंश झालेल्या आजी खिडकीतून ओरडतात, "मला हे उपाशी ठेवतात." तासाभरापूर्वी त्या पोटभर जेवलेल्या असू शकतात, फक्त ते त्यांच्या लक्षात नसतं. स्वमग्न मूल आवाजाने किंवा गर्दीने बेचैन झालं की असं किंचाळतं, की शेजाऱ्यांना वाटावं याला कुणी मारतंय. मधुमेहाच्या पेशंटची साखर उतरली की तो झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो, चिडतो. लोक म्हणतात "टाकून आलाय" आणि पुढे जातात. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर साखर किंवा गोड सरबत द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

मग उलटं काही नसतं का? असतं. आजींना खरंच उपाशी ठेवणारी घरंही असतात. म्हणूनच जीव तातडीने धोक्यात नसेल तेव्हा पहिलं पाऊल फोनचं नसून पायांचं आहे. जा, बेल वाजवा, वाटीभर काहीतरी घेऊन जा. आजींचे कपडे बघा, वजन उतरलंय का बघा, त्यांच्याशी दोन वाक्यं एकटीने बोलायला मिळतं का बघा. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे ते दमलेले असतात. विचारपूस केली की बरेचदा तेच सगळं सांगून टाकतात. पण दर वेळी दार अर्धवटच उघडत असेल, भेटू दिलं जात नसेल, अंगावर नव्या-जुन्या जखमा दिसत असतील, तर काळजी रास्त आहे आणि कळवण्याची वेळ झालेली आहे.

कुणाच्या बाबतीत काय?

लहान मूल असेल तर आपल्याला निवड नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं माहीत असूनही न कळवणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे डॉक्टरांना लागू आहे, तसंच शेजाऱ्यांनाही. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल मात्र कारवाई होत नाही. इतर छळ, उपासमार, कोंडून ठेवणं, घरकामाला ठेवलेलं लहान मूल, यासाठी १०९८ आहे. मुलाचं नाव आणि ओळख कुणालाही सांगू नका, सोसायटीच्या ग्रुपवर तर मुळीच नाही.

सज्ञान स्त्री असेल तर शक्यतो आधी तिला विचारा. नवरा घरात नसताना, जिन्यात, भाजी घेताना, हळूच : "रात्री आवाज आला. तू ठीक आहेस ना? मी काय करू?" तिने "काही नाही" म्हटलं तरी विचारलेलं वाया जात नाही; कुणाकडे जायचं हे तिला कळलेलं असतं. तिच्या परस्पर टाकलेलं पाऊल कधी कधी तिच्याच अंगाशी येतं. मार खावा लागतो तो तिला, आपल्याला नाही. अपवाद एकच, जिवाला धोका. तेव्हा परवानगीची वाट बघू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ नुसार कुणीही संरक्षण अधिकाऱ्यांना माहिती देऊ शकतं आणि ती चांगल्या हेतूने दिली असेल तर माहिती देणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. सल्ल्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

मारहाण चालू असताना दाराची बेल वाजवणं हाही एक उपाय आहे. २००८ मध्ये ब्रेकथ्रू संस्थेने याच कल्पनेवर 'बेल बजाओ' ही मोहीम केली होती. बेल वाजवून वाटीभर साखर मागायची, एवढंच. आत कळतं, की बाहेर ऐकू जातंय. पण एकट्याने जाऊ नका. हातात हत्यार असण्याची शक्यता वाटली तर दाराशी न जाता ११२.

ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. ती तातडीसाठी नाही, सल्ला आणि मदतीसाठी आहे. देखभालीची जबाबदारी असताना ज्येष्ठाला कायमचं वाऱ्यावर सोडून देणं हा २००७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कुठल्याही स्वरूपात मना आहे. अशा व्यक्तीचा घरी छळ होतो आहे किंवा तिची आबाळ होते आहे असं वाटलं, तर पोलीस ठाण्यात कळवावं असं हा कायदा प्रत्येकाला सांगतो. महिनाभर घराबाहेर न पडलेल्या मुलाबद्दल मात्र पोलिसांआधी त्याच्या आईवडिलांशी बोला आणि १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर द्या. जीव देण्याबद्दल विचारलं तर ते डोक्यात शिरेल, अशी भीती बाळगू नका. तसं होत नाही. विचारल्याने बोलायला वाट मिळते.

जे कळवायचं नसतं

समोरच्या फ्लॅटमधली मुलगी रात्री अकराला घरी येते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दोघांचं लग्न झालेलं नाही. शेजारच्या घरात काय शिजतं, त्यांच्याकडे कोण येतं, कुठल्या देवाची पूजा होते. यांतलं काहीही कुणाच्या जिवावर बेतलेलं नाही. तरी सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये सर्वांत जास्त वेळ याच विषयांवर जातो, आणि ज्या दारामागे मारहाण चालते त्याबद्दल "त्यांचं खासगी आहे" म्हणून गप्प बसलं जातं. मला यातली चीड नेमकी इथे येते. खासगी काय आणि सार्वजनिक काय, याचा हिशेब आपण उलटा मांडला आहे.

स्वतःला एक प्रश्न विचारा : मी गप्प राहिलो तर कुणाला इजा होईल? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं तर कळवा. उत्तर "बिल्डिंगचं नाव खराब होईल" असं आलं तर आपल्या घरी जा.

कसं कळवायचं?

जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच सांगा. "तो तिला रोज मारतो" हा निष्कर्ष झाला. "सोमवारी आणि गुरुवारी रात्री साडेअकराच्या सुमाराला बाईच्या ओरडण्याचा आवाज आला, आज तिचा डोळा सुजलेला दिसला" ही माहिती झाली. तारीख आणि वेळ एका वहीत लिहून ठेवा. पूर्ण पत्ता, मजला आणि घरात लहान मुलं आहेत का, हे सांगा. व्हिडिओ काढून फिरवू नका. एका कुटुंबाचं आयुष्य त्यात जातं आणि मदत मात्र पोचत नाही.

एक अडचण राहतेच. "डॉक्टर, ते तुमच्याकडेच येतात ना, तुम्हीच सांगा त्यांना काय झालंय," असं लोक म्हणतात. एका पेशंटची माहिती मी दुसऱ्याला देऊ शकत नाही, तुमचीही देणार नाही. पण तुम्ही काय पाहिलं ते ऐकून घेऊ शकतो आणि पुढे कुणाशी बोलायचं ते सांगू शकतो. कुठल्याही फॅमिली डॉक्टरांना हे विचारायला संकोचू नका.

संबंध बिघडतील का? कधी कधी बिघडतील. चौकशीला आलेले पोलीस "काही नाही" म्हणून परत गेले, तर शेजारी काही महिने बोलणार नाहीत. ही किंमत खरी आहे, ती नाही असं मी म्हणणार नाही. पण अबोला आज ना उद्या सुटतो. दोन दिवस जमिनीवर पडून राहिलेल्या माणसाची मूत्रपिंडं दर वेळी सुधारतातच असं नाही.

आजच करता येईल असं एक काम सांगतो. तुमच्या मजल्यावर कुणी एकटं राहत असेल तर त्यांच्या मुलाचा किंवा मुलीचा फोन नंबर घेऊन ठेवा, तुमचा त्यांना द्या, आणि किल्लीचा एक जोड कुणाकडे असतो ते विचारून घ्या.