टाकव्याला सायकली न्यायच्या कशा?

टाकवे बुद्रुकहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुंब्र्याला राहणाऱ्या त्यांच्या भावाची तीन मुले आणि एक मुलगी थंडीच्या सुट्टीत त्यांच्याकडे येणार आहेत. चौघांकडे डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकली आहेत, आणि या भगिनींच्या मुलानेही नुकतीच तशीच एक घेतली आहे. बेत असा की, टाकव्यातून वर खांडी-कुसूरच्या बाजूला जायचे, पठारावर सायकली चालवायच्या आणि मग कुसूर घाटाने खाली कर्जतकडे उतरायचे. भगिनी विचारतात, "मुले हट्टाला पेटली आहेत. भावजय म्हणते, फुफी जे ठरवील ते. इतक्या सायकली आणायच्या कशा, वर न्यायच्या कशा, आणि मी होकार द्यावा का?"

होकार द्यावा, पण अर्ध्या बेताला. कोणत्या अर्ध्याला, ते पुढे येईलच. अशा सहलीत मुले सायकलचा विचार करतात, गिअरचा करतात, हेल्मेटच्या रंगाचाही करतात. गाडीचा विचार मात्र शेवटी, "बघू, मिळेल काहीतरी" असा होतो. आणि घोळ होतो तो तिथेच.

आधी मुंब्र्याहून टाकवे. नकाशात हे सोपे दिसते, कारण दोन्हीकडे लोकल आहे. पण मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीपर्यंत येऊन थांबते आणि पुण्याची लोकल लोणावळ्यापासून सुरू होते. मधला बोरघाट, म्हणजे कर्जत ते लोणावळा 28 किलोमीटर, फक्त लांब पल्ल्याच्या गाड्यांचा आहे. तिथे 37 मीटरला 1 मीटर असा चढ आहे आणि गाडीला मागून जादा इंजिने लावून ती वर ढकलावी लागते. त्यामुळे माणसांनी कल्याणहून पुण्याकडची एखादी गाडी पकडावी, लोणावळ्याला उतरावे आणि पुण्याच्या लोकलने मळवली, कामशेत करत कान्हे स्टेशन गाठावे. दुपारच्या वेळी या लोकल विरळ असतात, म्हणून वेळापत्रक पाहूनच घर सोडावे. कान्हे फाट्यावरून टाकव्याचा रस्ता आत वळतो, तो तुम्हाला सांगायला नको.

सायकलचे तसे नाही. रेल्वेच्या डब्यात नेता येणाऱ्या पेटीचे माप 100 बाय 60 बाय 25 सेंटीमीटर आहे. मोठ्या सायकलची दोन्ही चाके काढली तरी ती या मापात बसत नाही. शिवाय प्रत्येक प्रवाशाला जे ठरावीक वजनाचे सामान मोफत नेता येते, त्यात सायकल धरली जात नाही. ती सामान म्हणून वेगळी बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये द्यावी लागते. म्हणजे कल्याणच्या पार्सल कार्यालयात आधी पोहोचायचे, गोणपाट नाहीतर पुठ्ठा गुंडाळायचा, नाव-पत्ता लिहायचा, पावती घ्यायची. एवढे करूनही लोणावळ्याला गाडी थोडा वेळच थांबते. तेवढ्यात चार सायकली उतरतीलच असे नाही, आणि चढवताना जागा नसली तर त्या पुढच्या गाडीने येतात. लांबच्या प्रवासात, चार दिवस हातात असताना हे चालून जाते. दोन दिवसांच्या सहलीत एक दिवस स्टेशनवर घालवणे परवडत नाही.

माझे मत विचाराल तर सायकली टेम्पोने आणि माणसे रेल्वेने. ज्याला आपण सगळे छोटा हत्ती म्हणतो, तो टाटांचा एस 2005 साली बाजारात आला. त्याचा मागचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांहून थोडा कमी रुंद असतो. सायकलची लांबी सहा फुटांच्या आसपास, म्हणजे ती उभी मावते. अडचण हँडलची होते, कारण या सायकलींचे हँडल अडीच फुटांपर्यंत रुंद असते. ते सैल करून चाकाच्या रेषेत फिरवा, पेडल काढा आणि एक सायकल तोंड पुढे, दुसरी तोंड मागे अशा लावा. पाच सायकली आरामात बसतात. मध्ये जुन्या रजया घाला. आपल्या घरांत त्यांना तोटा नाही. पेडल काढताना लक्षात असू द्या, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की ते सुटते. मुले जोर लावून तेच घट्ट करून ठेवतात आणि मग पाना वाकतो.

टेम्पो मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने येऊ शकतो. सायकल आणि दुचाकीला तिथे मनाई आहे, पण टेम्पोत चढवलेल्या सायकलीला नाही. लोणावळ्याला बाहेर पडून जुन्या महामार्गाने कामशेतवरून कान्हे फाट्यावर यावे. भाडे ठरवताना तीन गोष्टी आधीच बोलून घ्या. टोल कोणाचा, परतीचा रिकामा फेरा धरला आहे का, आणि उशीर झाला तर थांबण्याचे पैसे किती. ठरलेले मोबाईलवर लिहून पाठवा. व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला कुरआनातच आहे, त्यात संकोच कसला?

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण गावोगावी ती सर्रास होते. टेम्पोच्या हौद्यात माणसे बसवू नका. पाच मिनिटांसाठीही नाही, टाकव्यापासून वडेश्वरपर्यंतसुद्धा नाही. पडण्याची भीती तर आहेच, पण कायद्याची बाजू त्याहून कमी लोकांना माहीत आहे. मालवाहू गाडीतून फुकट प्रवास करणाऱ्या माणसाला अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात दिला आहे. म्हणजे गाडीचा विमा चालू असूनही घरच्यांच्या हाती काही लागत नाही, आणि गरीब टेम्पोवाला कोर्टाच्या फेऱ्यांत आयुष्यभरासाठी बुडतो. मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला माणूस पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसला, तर त्याला मात्र कायद्याने वेगळे धरले आहे. म्हणून सर्वांत मोठ्या भावाने केबिनमध्ये बसून सायकलींबरोबर यावे, बाकीच्यांनी रेल्वेने. ओळखीच्या कोणाची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेण्याचा मोहही टाळा. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी असते ती उगाच नाही.

टाकव्यापासून पुढे खरी सहल सुरू होते. आंद्रा नदीचे खोरे म्हणून हा आंदर मावळ. टाकव्याच्या पुढे भोयरे, वडेश्वर, सावळे, खांडी, कुसूर अशी गावे सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पसरली आहेत. मध्ये टाटांच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी आहे. त्या पाण्यावर खाली भिवपुरीला वीज तयार होते, 1922 पासून. एसटीच्या फेऱ्या मोजक्या आणि मोबाईलची रेंज कधी आहे, कधी नाही. दुचाकी आडवी करून दूध खाली आणणारी माणसे हाच इथला निरोप पोहोचवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

मुलांचा बेत वर सायकल चालवत जायचा आणि पलीकडे उतरायचा आहे. मी म्हणतो, तो उलटा करा. फजरची नमाज टाकव्यात घरी पढावी, गावातलाच टेम्पो आणि एक प्रवासी गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवावी, आणि सायकलींसह सगळ्यांना खांडी-कुसूरकडे सोडून यावे. तिथून दिवसभर पठारावर, धरणाच्या काठाकाठाने, गाडीवाटांनी सायकल चालवत मुले परत टाकव्याकडे येतील. म्हणजे ताजे अंग असताना अनोळखी भाग आणि थकल्यावर ओळखीचा डांबरी रस्ता. चाक मोडले, कोणी लचकले तरी सगळे पाऊल घराच्या दिशेनेच पडलेले असेल. गाडी कुठे बोलवायची हा प्रश्न उरत नाही, कारण सहलीचे शेवटचे ठिकाण फुफीचा दरवाजा आहे.

कुसूर घाट उतरण्याला माझा नकार आहे, निदान या खेपेला. ही कोकण आणि देश जोडणारी जुनी पायवाट आहे, बैलांची आणि माणसांची. दगडी पायऱ्या, निसटते धोंडे, आणि बऱ्याच ठिकाणी सायकल खांद्यावर घ्यावी लागेल. पंधरा किलोची सायकल खांद्यावर घेऊन उतरणे म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. पण त्याहून मोठी अडचण गाडीची आहे. मुले सरळ खाली भिवपुरी गावाकडे उतरतील आणि त्यांना घ्यायला निघालेली गाडी मात्र टाकव्याहून कान्हे, लोणावळा, खोपोली, कर्जत असा भलामोठा वळसा घालून तिथे पोहोचेल. दोन्हीकडे फोन लागत नसेल तर कोणी कोणासाठी किती वेळ थांबायचे? ड्रायव्हर म्हणणार मुले आली नाहीत, मुले म्हणणार गाडी आली नाही, आणि टाकव्यात आई जानमाजवर बसून राहणार. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. भिवपुरी रोड नावाचे रेल्वे स्टेशन कर्जत आणि नेरळच्या मध्ये आहे, ते या भिवपुरी गावाचे स्टेशन नव्हे. गावातून कर्जतच सोयीचे. नावावर विश्वासून अंधारात चालत निघालेले लोक मग वाट विचारत फिरतात. हा घाट करायचाच असेल तर पुढच्या वर्षी, सायकलीशिवाय, वाट माहीत असलेला गावकरी बरोबर घेऊन करा.

वेळेचा हिशेब सोपा ठेवावा. थंडीत इकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगराच्या सावलीत अंधार त्याही आधी होतो. जुहर जिथे पाणी मिळेल तिथे पढून तोंड टाकव्याकडे वळवावे. असर ओळखीच्या रस्त्यावर व्हावी, मगरिबला सगळे घरात. घड्याळ बघायला विसरणारी मुलेही अजानची वेळ सहसा विसरत नाहीत. वुजूसाठी वेगळे पाणी टेम्पोत ठेवा, पिण्याच्या बाटल्यांवर हात मारू नका. मुंब्र्याच्या मुलांना कस्र लागू होते का, हे अंतरावर आणि मुक्कामाच्या दिवसांवर ठरते. कोकणी घरे बहुतेक शाफई, इतर बरीच हनफी, आणि दोन नमाजा एकत्र करण्याबाबत दोन्हींत फरक आहे. ते आपापल्या इमामसाहेबांना निघण्यापूर्वी विचारावे. शुक्रवार मात्र टाळलेलाच बरा.

पत्रात आणखी एक ओळ होती, जरा दबकत लिहिलेली: "मुलीलाही पाठवावे का?" का पाठवू नये? सख्खे भाऊ बरोबर आहेत, मुक्काम फुफीच्या घरी आहे. वर सोडायला जाणाऱ्या प्रवासी गाडीत तुम्ही स्वतः बसा. मुलांना उतरवून द्या, गाडी खांडीतच थांबवून ठेवा आणि दुपारच्या डब्याला सगळे परत गाडीपाशी येतील असे ठरवा. दमली तर ती गाडीत बसेल. भावांपैकी कोणी दमला तर तोही बसेल, आणि बहुधा आधी तोच बसेल. सलवारचा पायचा साखळीत जातो, तेवढी एक पट्टी घोट्याला बांधून द्या.

हे सगळे थंडीसाठी. पावसाळ्यात हा बेत कोणी काढलाच तर साफ नाही म्हणा. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातले एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, एक महिला आणि चार मुले. आपल्याच समाजातले घर होते, सहलीला म्हणून सगळे नातेवाईक गाडी करून आले होते. पुढच्याच वर्षी, 15 जून 2025 ला, तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. मावळात पर्यटनस्थळांवर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, ते वाचावेत आणि पाळावेत. गाडी ठरवताना ड्रायव्हरला विचारायचा पहिला प्रश्न भाड्याचा नसावा. वाटेत कोणता पूल, कोणता ओढा आहे, हा असावा. दुखापत झालीच तर 108 ला फोन, आणि कान्हे येथे सरकारी रुग्णालय आहे, हे प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवे.

दूर डोंगरात सायकली पोहोचवण्याच्या तऱ्हा जगभर निराळ्या आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात चिल्कोटिनच्या डोंगरांत पाण्यावर उतरणारी छोटी विमाने सायकलस्वारांना त्यांच्या सायकलींसह उंचावरच्या तळ्यांत नेऊन सोडतात. न्यूझीलंडच्या क्वीन्सटाउनला हेलिकॉप्टर आहे. तिथेही पहिला प्रश्न वजनाचा आणि दुसरा परत कसे येणार याचाच. ठोकरवाडीच्या पाण्यावर विमान उतरणार नाही. आपला छोटा हत्ती बरा.

मोठ्या भाच्याच्या मनात पुढच्या उन्हाळ्यात लेह आहे, असेही पत्रात आहे. त्याला एवढेच सांगा. देशांतर्गत विमानात साधारण 15 किलो सामान मोफत असते आणि खोक्यात भरलेली सायकल एकटीच ते खाऊन टाकते. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वीच कंपनीकडून खोक्याचे माप आणि जादा आकार विचारून घ्यावा. सायकलच्या दुकानात नव्या सायकलींचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके पडलेले असतात, मागितले तर मिळतात. चाके काढल्यावर डिस्क ब्रेकच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा खोचावा, नाहीतर लिव्हर चुकून दाबला गेला की पॅड चिकटून बसतात. बॅटरीची सायकल असेल तर विमानाचा विषयच सोडा. 160 वॉट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि या सायकलींच्या बॅटऱ्या त्याच्या कितीतरी पुढे असतात. लेहची विमाने बहुतेक सकाळची असतात, दुपारी वारा वाढतो. विमानतळच सव्वातीन हजार मीटरवर आहे. पहिले दोन दिवस सायकल खोक्यातच राहू द्यावी. मुख्य बाजारात सतराव्या शतकातली जामा मशीद आहे, तिथपर्यंत चालत जावे, तेही हळू.