बंद संगणक आणि आतली खतावणी

पालमसारख्या तालुक्याच्या गावी आडत, कापड, किराणा किंवा कृषी सेवा केंद्र, कोणतेही दुकान असो, गल्ल्याशेजारी आता एक संगणक असतोच. सोयाबीनची आवक ऐन भरात असताना सकाळी बटण दाबावे आणि पडदा काळाच राहावा, हा अनुभव बहुतेक पेढ्यांनी एकदा तरी घेतलेला असतो. अशा वेळी दुरुस्ती करणाऱ्याला फोन जातो तो एकाच वाक्याचा : "कॉम्प्युटर चालू होत नाही." वास्तविक या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. बटण दाबूनही दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, ही पहिली. पंखा फिरतो पण पडद्यावर काही उमटत नाही, ही दुसरी. कंपनीचे नाव उमटते आणि तेथेच सारे थांबते, ही तिसरी. विंडोज सुरू होऊ लागते आणि मध्येच निळा पडदा येतो किंवा वर्तुळ फिरतच राहते, ही चौथी. गाडी नेमकी कोणत्या पायरीवर अडली, एवढे जरी फोनवर सांगता आले तरी निम्मे निदान झाले म्हणावे.

पहिल्या तक्रारीचे मूळ बहुधा विजेत असते. आपल्या भागात विजेचा दाब कधी चढतो, कधी उतरतो. वळवाच्या पावसात तर विजा थेट तारांवर उतरतात. म्हणून आरंभ भिंतीपासून करावा. यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून संगणकाची वायर सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून पाहावी. त्यावर संगणक सुरू झाला, तर दोष बहुधा यूपीएसच्या बॅटरीत आहे. दोन-तीन वर्षांत ती थकतेच. पेटीच्या मागच्या बाजूला एक छोटे बटण असते, ते साफसफाईत चुकून बंद झालेले आढळते. वायर पूर्ण काढून सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि पुन्हा वायर जोडावी. आत साठून राहिलेली वीज निघून गेल्यावर पुष्कळदा यंत्र निमूटपणे चालू लागते. एवढ्यानेही हालचाल नसेल, तर एसएमपीएस म्हणजे २३० व्होल्टचे १२, ५ व ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारा डबा गेला असण्याचा संभव अधिक. हा डबा घरी उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटर काही काळ वीज धरून ठेवतात. तो बदलणे फार खर्चाचे नाही. गावात मिळाला नाही तर गंगाखेड, परभणी किंवा नांदेडहून येतो, आणि हिशेबाच्या एका अक्षरालाही धक्का लागत नाही.

पडदा काळा आणि पंखा चालू, अशा वेळी आधी मॉनिटरची वायर व त्याचा स्वतंत्र दिवा पाहावा. ठरावीक अंतराने 'बीप' असा आवाज येत असेल तर रॅमची पट्टी सैल झालेली किंवा धुळीने माखलेली असते. वीज तोडून, हात आधी पेटीच्या धातूला लावून, पट्टी अलगद काढावी, तिच्या सोनेरी कडा पेन्सिलच्या मऊ खोडरबराने पुसाव्यात आणि ती घट्ट बसवावी. सोयाबीनचा भुसा आणि कापसाचे तंतू उडणाऱ्या पेठेत हा उपाय वर्षातून एकदा तरी करावाच लागतो. झाकण काढल्यावर लगेच ब्लोअर मात्र सुरू करू नये. उबेला आलेल्या मुंग्या, पाली, कोळी आत असतात. जयणेने, मऊ ब्रशने आधी त्यांना वाट करून द्यावी.

संगणकाची तारीख एकदम कित्येक वर्षे मागे गेलेली दिसली आणि सुरू होताना तो एफ-१ दाबण्यास सांगू लागला, तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही नाण्याएवढी, ३ व्होल्टची बॅटरी संपलेली असते. तारीख चुकली की बँकेची व जीएसटीची संकेतस्थळेही उघडण्यास नकार देतात. इंटरनेट बिघडले असे समजून दिवस वाया जातो आणि दोष काही रुपयांच्या बॅटरीचा निघतो.

तिसरी आणि चौथी तक्रार मात्र गंभीरपणे घ्यावी, कारण येथे प्रश्न यंत्राचा न राहता खतावणीचा होतो. प्रथम यूएसबीमध्ये विसरलेला पेन ड्राइव्ह काढावा; काही संगणक त्यावरूनच सुरू होऊ पाहतात आणि अडतात. त्यानंतर कान लावावा. हार्ड डिस्कमधून 'टक्‌ टक्‌' असा नियमित आवाज येत असेल तर त्याच क्षणी वीज बंद करावी. पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहण्याचा मोह येथे महाग पडतो, कारण प्रत्येक प्रयत्नात आतील चकती अधिक खरवडली जाऊ शकते. नव्या एसएसडी डिस्कला फिरणारा भागच नसल्याने ती असा इशाराही देत नाही.

निळ्या पडद्याने घाबरण्याचे कारण नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असेच निळ्या पडद्यावर अडकले. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या संगणकांची यंत्रणा धडधाकट होती, माहितीही शाबूत होती. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसली की ते चालू लागत. दुकानातील संगणकही दोन-तीनदा अडला की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. तेथील 'स्टार्टअप रिपेअर' आणि 'सेफ मोड' हे पर्याय निर्धोक आहेत. 'रिसेट'ला मात्र हात लावू नये.

दुरुस्तीला आलेला तरुण घाईत असतो आणि त्याच्या दृष्टीने सर्वांत सोपा उपाय एकच : "फॉरमॅट मारून देतो." त्याचे काम तासाभरात होते, पेढीची उधारी, मालाचा साठा, शेतकऱ्यांच्या पट्ट्या मात्र त्यात पुसल्या जाऊ शकतात. टॅलीची माहिती पुष्कळ दुकानांत सी ड्राइव्हवरच असते आणि फॉरमॅट होतो तोही सी ड्राइव्हच. म्हणून यंत्र हाती देण्यापूर्वी मालकाने स्वच्छ सांगावे, की आधी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा, टॅलीचा डेटा फोल्डर उतरवून घ्या, मग काय ते करा. मदरबोर्ड जळाला तरी डिस्क बहुधा जिवंत असते.

अलीकडे यात एक नवी अडचण उभी राहिली आहे. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या संगणकांची डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मदरबोर्ड बदलला किंवा काही सेटिंग हलले, की पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती ज्याच्या ई-मेलवर संगणक नोंदवला, त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. तो ई-मेल पुण्याला शिकणाऱ्या मुलाचा किंवा संगणक विकणाऱ्याचा असेल, तर तिजोरी आपली आणि किल्ली परक्याकडे अशी गत होते. हे अंक आजच कागदावर उतरवून सोन्याच्या डब्यात ठेवण्याच्या योग्यतेचे आहेत.

हे केवळ सोयीचे नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि नियम ५७ तर संगणकीय नोंदींचा बॅकअप ठेवण्यास स्पष्टपणे बजावतो. संगणक बिघडला हे कारण सांगून विलंब शुल्क टळत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यास ११ आणि २० या तारखा गाठाव्याच लागतात. माहितीची प्रत हाताशी असेल तर ते काम करसल्लागाराच्या संगणकावरूनही होते.

बँकांमध्ये तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे विभागलेल्या असतात आणि किल्ल्यांचा दुसरा जोड त्या शाखेत न ठेवता अन्यत्र जमा करतात. हा जुना शहाणपणा पेढीला जसाच्या तसा लागू पडतो. रोज दुकान वाढवताना एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तो घरी न्यावा. आठवड्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती भावाच्या घरी ठेवावी. ज्या पेन ड्राइव्हवर प्रत आहे तो दिवसभर संगणकालाच खोचून ठेवणारेही पुष्कळ आहेत. वीज पडली तर दोन्ही एकदमच जातात.

प्रत घेतली म्हणजे ती उघडतेच असे नाही, आणि ही गोष्ट प्रसंग येईपर्यंत सहसा कोणी तपासत नाही. दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी दुसऱ्या एखाद्या संगणकावर त्या प्रतीतून खतावणी उभी करावी, चार-पाच मोठ्या खात्यांची बाकी काढावी आणि ती दुकानातील आकड्यांशी ताडून पाहावी. अर्ध्या तासाचे काम आहे.