मोजदाद केवळ मृत्यूंचीच?

परीक्षांचे निकाल लागले, की विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची चर्चा सुरू होते आणि प्रवेशाच्या धामधुमीत ती विरून जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२३ मध्ये देशात १३ हजार ८९२ विद्यार्थ्यांनी जीवन संपविले. राज्यांच्या या यादीत महाराष्ट्र पहिला होता. हा आकडा आपल्याला ठाऊक असतो, कारण मृत्यूची नोंद पोलिसांकडे होते. जिवंत मुलांच्या मनातील घालमेलीची नोंद मात्र कोण ठेवतो?

बंगळुरूच्या ‘निमहान्स’ने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. बारा राज्यांतील त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. सुमारे ३४ हजार ८०० प्रौढांच्या तुलनेत १३ ते १७ वयोगटातील मुले होती जेमतेम बाराशे. त्यांच्यापैकी ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. एवढ्याशा नमुन्यावर पिढीचे निदान कसे करावे?

लहान मुलांविषयीचे एक संशोधन अधिक बोलके आहे. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा येथील दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची तपासणी करून त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, अतिचंचलता, अपस्मार, श्रवण वा वाचेचे दोष यांसारखी किमान एक अडचण सहा ते नऊ वर्षांच्या १३.६ टक्के मुलांत दिसली. ठिकाणागणिक प्रमाणात मोठी तफावत होती, हे खरे. तरीही साठ मुलांच्या वर्गात सरासरीने अशी आठ मुले असू शकतात. त्यांतील किती जण शिक्षकांच्या लेखी केवळ ‘ढ’ किंवा ‘मस्तीखोर’ असतात? वर्षानुवर्षे हेच ऐकणारे मूल पौगंडावस्थेत पोहोचते, तेव्हा मूळ अडचणीवर न्यूनगंडाची आणि नैराश्याची भर पडलेली असते.

कायदे नाहीत असे नाही. अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यात १९९६ मध्ये महाराष्ट्राने पुढाकार घेतला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता व अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. अतिचंचलतेचा समावेश त्या यादीत नाही. शिवाय सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणपत्रासाठी मुलाची अडचण आधी कोणाच्या तरी लक्षात यावी लागते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमण्याचा निर्देश दिला. एवढी माणसे आणायची कोठून, हा प्रश्न रास्त आहे. गोव्यातील ‘संगथ’ संस्थेच्या संशोधकांनी दिल्लीच्या सरकारी शाळांत एक प्रयोग केला. मानसोपचाराचे औपचारिक शिक्षण नसलेल्या तरुणांना प्रशिक्षण देऊन त्यांनी समुपदेशक केले. नुसती पुस्तिका दिलेल्या मुलांपेक्षा या समुपदेशकांशी बोललेल्या मुलांना आपल्या अडचणींचा जाच अधिक कमी झाल्याचे जाणवले. तज्ज्ञांची जागा असे कार्यकर्ते घेणार नाहीत. पण त्यांच्यामुळे मुलाला पहिला ऐकणारा भेटेल.

मात्र नेमणूक कागदावर राहू नये. पहिली-दुसरीतच प्रत्येक मुलाची प्राथमिक चाचणी व्हावी आणि राज्याने कुमारवयीनांचे स्वतःचे सर्वेक्षण नियमितपणे करून ते जाहीर करावे. पोलिसांच्या नोंदवहीत नाव चढण्यापूर्वी ते शाळेच्या नोंदवहीत दिसले, तरच त्या मुलासाठी काही करता येईल.