ओवाळणी नव्हे, हमी

‘पंधराशे रुपये सुरू झाल्यापासून खुरपणीला बाया मिळत नाहीत.’ बायकांना दरमहा पैसे देणारी राज्य सरकारची लाडकी बहीण योजना आल्यापासून हे वाक्य बांधावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत इतक्यांदा ऐकले आहे की लोक ते आता सिद्धान्तासारखे बोलतात. महिन्याला पंधराशे म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पन्नास रुपयांनी जी मजुरी सुटते, त्या मजुरीत बाईला काय मिळत होते, हे मात्र कुणी विचारत नाही.

घरबसल्या पैसे मिळाले की माणूस आळशी होतो, हा आक्षेप जुना आहे आणि तो तपासलाही गेला आहे. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात डॉफिन नावाचे, १९७० च्या दशकात दहाएक हजार वस्ती असलेले गाव आहे, भोवती सगळी शेती. १९७४ मध्ये केंद्र आणि प्रांत सरकारांनी मिळून तिथे ‘मिनकम’ नावाचा प्रयोग सुरू केला. कुटुंबाची कमाई ठरावीक पातळीच्या खाली गेली की सरकार भर घाली. घरच्यांनी एक डॉलर कमावला तर मदत पन्नास सेंटनीच कमी होई, म्हणजे काम करणाऱ्याच्या हाती जास्तच उरे. मग लोकांनी काम सोडले का? या प्रयोगातल्या पुरुषांच्या कामात घट झाली ती सुमारे एक टक्का, विवाहित स्त्रियांच्या तीन टक्के, अविवाहित स्त्रियांच्या पाच टक्के. बाळंतिणी थोडे जास्त दिवस घरी राहिल्या. कामाला जुंपली जाणारी मुले बारावीपर्यंत शाळेत टिकली. आपल्या लेकीला बाळंतपणात सव्वा महिना विश्रांती देणाऱ्या समाजाने तरी याला आळस म्हणू नये.

१९७९ मध्ये प्रयोग गुंडाळला गेला. अंतिम अहवाल लिहिलाच गेला नाही. सुमारे अठराशे खोकी कागद धूळ खात पडले. पुढे एव्हलिन फोर्जे या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी त्या काळातल्या आरोग्य विम्याच्या नोंदी तपासल्या आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडला: डॉफिनमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण तशाच इतर वस्त्यांच्या तुलनेत साडेआठ टक्क्यांनी कमी झाले होते. कमी झाली ती मुख्यतः अपघात-दुखापतींची आणि मानसिक आजारांची प्रकरणे. इथे थांबून विचार करावा असे काही आहे. त्या काळात प्रत्यक्ष पैसे मिळाले ते गावातल्या साधारण एक तृतीयांश कुटुंबांनाच. तरीही फरक साऱ्या गावात दिसला. मला याचा एकच अर्थ लागतो. उद्या पीक बुडाले तरी घर बुडणार नाही, हा भरवसा पैसे न घेणाऱ्यांनाही मिळाला होता. माणसाला बदलते ती रकमेमागची हमी, आणि या लेखाचे म्हणणे एवढेच आहे.

‘कॅनडाचे सोडा, आपल्याकडे पैसा दारूत जाईल,’ हा पुढचा आक्षेप. २०११-१२ मध्ये ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने मध्य प्रदेशातल्या आठ गावांत बाई, पुरुष, मूल अशा प्रत्येकाला दरमहा पैसे दिले. मोठ्यांना दोनशे, मुलांना शंभर. वर्षभराने तीनशे आणि दीडशे. अट कसलीच नाही. पैसे न मिळालेल्या गावांशी तुलना केली तेव्हा दारूवरचा खर्च वाढल्याचा पुरावा सापडला नाही. मुलांची वजने सुधारली, शाळेवरचा खर्च वाढला. काम तर वाढलेच: परक्याच्या रानात मजुरीला जाणारे स्वतःच्या तुकड्यात बी-खत घालू लागले. खुरपणीला न आलेली बाई कदाचित अशीच स्वतःच्या रानात असेल.

मजुरी महागेल, हे मला मान्य आहे. महागावी. ऊसतोडीला निघणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते, तेव्हाच त्याचा भाव करण्याचा हक्क संपतो. उचल फिटेपर्यंत आजारी पडण्याचीही सोय राहत नाही. घरात दरमहा थोडे, पण ठरलेले येत असेल तर ‘या दराने येणार नाही’ असे म्हणता येते. ज्या विकासाला माणसाची लाचारी स्वस्तात लागते, त्याला विकास म्हणायला मी तयार नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने माणशी वर्षाला ७,६२० रुपयांचा हिशेब मांडला होता. पंचाहत्तर टक्के लोकांना ते द्यायचे तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.९ टक्के लागतील, असे त्यात होते. रक्कम मोठी आहे. पण त्याच्या आदल्या वर्षीच्या पाहणीने सोने, विमानाचे इंधन, वीज, अल्पबचत अशा वाटांनी सधनांच्या पदरात पडणारे लाभ सुमारे एक लाख कोटींचे दाखवले होते. त्या पैशाने कुणी आळशी झाल्याची तक्रार मी कधी ऐकली नाही. मात्र रेशन, सरकारी दवाखाने आणि शाळा बंद करून त्यांच्या बदल्यात रोख देण्याची कल्पना कुणी मांडली तर तिला विरोधच केला पाहिजे. तीनशे रुपयांत ऑपरेशन होत नाही.

आता आपल्या पंधराशेंबद्दल. त्यांच्यामुळे बायकांच्या हातात पैसा आला, ही मोठी गोष्ट आहे, आणि त्यांना रेवडी म्हणणे अन्यायाचे आहे. पण नावातच खोट आहे. ओवाळणी भावाच्या मर्जीची असते. निवडणुकीच्या प्रचारात पंधराशेचे एकवीसशे करण्याचे वचन दिले गेले, निवडणूक झाल्यावर छाननी सुरू झाली, नावे गळू लागली. पुढचा हप्ता येईल की नाही ही धाकधूक असेल तर डॉफिनला जे घडले ते इथे घडणार नाही.

महाराष्ट्राला हमी म्हणजे काय हे शिकवावे लागू नये. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या रोजगार हमीने लाखोंची चूल पेटती ठेवली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पगारदारांनी व्यवसाय कर भरून तिला पैसा पुरवला. काम मागणे हा मजुराचा हक्क झाला; त्यासाठी कुणाला भाऊ म्हणावे लागले नाही. रक्कम पंधराशेच राहिली तरी चालेल. ती आधी कायद्यात लिहा.