दोन वेळा म्हणजे केव्हा?

आम्हां मराठी माणसांचे दोनाचे गणित ठरलेले असते. दोन वेळचे जेवण म्हणजे सकाळचे आणि रात्रीचे. दोन वेळची गोळीही तशीच. बहुतेक औषधांना हा हिशेब चालतो. छातीत कळ येणाऱ्याच्या एका औषधाला मात्र तो चालत नाही.

आमचे शेजारी अण्णा निवृत्त पोस्टमास्तर. चढ चढताना छातीत कळ येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी इतर औषधांबरोबर आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटची साधी गोळी दिली. वेळा सकाळी ८ आणि दुपारी ३. अण्णांना ते पटेना. "अहो सर, रात्री घरी जाऊन झोपणारा पहारेकरी कशाला ठेवायचा?" असे म्हणून दुपारची गोळी ते निजताना घेऊ लागले. महिनाभरात तोच चढ पुन्हा जड जाऊ लागला. वहिनींचा धीर सुटला, तेव्हा मी अण्णांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी डायनामाइटच्या कारखान्याची गोष्ट सांगितली. डायनामाइटमधले नायट्रोग्लिसरिन छातीच्या कळेवर गुणकारी आहे, असे लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ साली प्रसिद्ध केले. ते रक्तवाहिन्या सैल करते. कारखान्यातल्या कामगारांचे त्यामुळे सोमवारी डोके ठणके. आठवडाभरात ते अंगवळणी पडे. रविवारची सुटी झाली की सोमवारी पुन्हा ठणका! या जातीच्या औषधांना शरीर असे सरावते, आणि सरावले की गुण येत नाही. म्हणून रोज दहाबारा तासांची सुटी हवी. तीनची गोळी रात्री ओसरते, तेव्हा कुठे सकाळची गोळी पुन्हा नव्याने लागू पडते.

वाचकहो, एवढ्यावरून मनाने सुट्या देऊ नका. हृदयाच्या इतर गोळ्यांना हा नियम नाही. याच औषधाची सावकाश विरघळणारी गोळी बहुधा सकाळी एकदाच घ्यायची असते. जिभेखालच्या गोळीला तर घड्याळ नाहीच: कळ आली की खाली बसावे, गोळी जिभेखाली धरावी, आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही तर १०८ ला फोन करावा.

फराळ आटोपला की घरच्या वडीलधाऱ्यांच्या औषधांची चिठ्ठी एकदा वाचा. 'दोन वेळा' एवढेच लिहिलेले दिसले, तर डॉक्टरांना निःसंकोच विचारा: "किती वाजता?"